नाव न घेता सत्कार

लहानपणी घरच्यांकडूनच छळ सोसलेल्या बायकांवर आमच्या संस्थेचं संशोधन चाललं होतं. मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडे. नाव कुठंही येणार नाही, असं प्रत्येकीला लिहून दिलं होतं.

देवळाली प्रवरेची एक सून बरेच दिवस टाळत होती. शेवटी उसाच्या बांधावर बसून बोलली. आईबाप लहानपणीच गेले. राजूरकडच्या मामानं वाढवलं, आणि मानेवर उलथन्याचे चटकेही त्यानंच दिले. दिवाळीला न्यायला तोच येतो. सासरी त्याला मान आहे.

"घरात कळू देऊ नका, म्याडम. जिला माहेर न्हाई तिला सासरी कोन इचारतंय?"

अहवाल पूर्ण झाला. आपल्याकडे काहीही पूर्ण झालं की त्याला शाल-श्रीफळ लागतं. नगरला हॉल घेतला, फ्लेक्स लागले. 'महिला मेळावा आहे, जेवण आहे' असं सांगून ऑफिसनं त्या बायकांनाही बोलावल्याचं मला कळलं, ते ही सून सासूशेजारी बसलेली दिसली तेव्हा.

मी संचालक सरांना गाठलं. "सर, गुप्ततेचं आपण लिहून दिलंय."

"नाव कुठं घेतोय? नुसती शाल देतोय."

निवेदकाचा आवाज पोळ्याला मानाचे बैल पुकारावेत तसा. "बालपणीच्या छळावर मात करणाऱ्या आपल्या रणरागिणी!" त्यानं हात करून रांगच दाखवली.

ती उठेना. सासूनं ढोसलं, "ऊठ की गं, तुझ्याकडंच बघत्यात." मग तिच्याकडे वळून, "छळ? कुनी केला?"

ती उठली. शाल घेताना तिनं पदर मानेशी घट्ट आवळून धरला होता. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, पदर जरा सैल सोडा, चांगला दिसंना."

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. "सासूबाईंनी मामाला फोन करून इचारलं. मामा म्हनला, पोरगी पैल्यापासून खोटारडी हाय. आता दोनी घरी मीच खोटी." आणि मग, "माहं बोलनं तेवढं काढून टाका, म्याडम."

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, अहवाल छापून झालाय; शिवाय तीच मुलाखत सगळ्यांत बोलकी आहे.

हे मला तिला अजून सांगता आलेलं नाही. ती अधूनमधून फोन करते, बाकी काही बोलत नाही.

"काढलं का, म्याडम?"