सहाशे वीसवरचं भोक

चार वर्षं हे मी कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, आईला तर बिलकुलच न्हाई. आता तुम्हाला सांगून राह्यले. आवाज जरा खुशीचा वाटला तर वाटू द्या — ज्यांना पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं, त्यांना मागच्या आठवड्यात सांगून झालंय. तेव्हापासून जेवण गोड लागतंय. लाज आहेच, पण जेवण गोड लागतंय.

जालन्यात एका मॉड्युलर किचनच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर कपाटं काढते. काढते म्हणजे काय — एक कपाट नीट बनवायचं, मंग त्याची उंची बदलली की फळ्या, शटर म्हणजे कपाटाची दारं, बिजागऱ्यांची भोकं, सगळं आपोआप आपापल्या जागी सरकतं. पण कधी? प्रत्येक भोकाची जागा सूत्रानं बांधून दिली तर. वरची बिजागरी वरच्या कडेपासून शंभर मिलिमीटर खाली, असं सांगायचं. मंग कपाट कितीही वाढू द्या, ती वरच्या कडेला धरून राहते. सूत्राऐवजी नुसता आकडा टाकला तर बिचारी जागची हलत न्हाई. हे पहिल्या महिन्यातच शिकवतात. मला येत नव्हतं असं थोडंच आहे?

कारखान्यात रशीदचाचा होते. तीस वर्षांचा सुतारकामाचा हात. माझा कागद बघून भोकं पाडायचं काम त्यांचं. पण त्यांची एक रीत होती — शटर कपाटाच्या बाजूला टेकवून दोन्हींच्या खुणा जुळतात का ते बघायचे, मंगच ड्रिल हातात घ्यायचे. मला त्याचा भारी राग. वाटायचं, माझ्यावर भरोसा न्हाई यांचा! सगळ्या गड्यांत मी एकटी बाई, वय सव्वीस, राग नाकावर. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचा, आकडा लिहिलाय ना? मंग टेकवून काय बघता?" ते हसले. त्या दिवसापासून टेकवणं बंद. माझा मान ठेवला त्यांनी.

मंग जाफराबादच्या एका मास्तरीणबाईंचं किचन आलं. कुरडया-पापडांचे उंच डबे बसावेत म्हणून वरची कपाटं त्यांना ऐंशी मिलिमीटर जास्त पाहिजे होती. मी उंची बदलली, कागद छापले, दिले. माल तिकडं गेला आणि एकही शटर बसेना. कपाटाच्या बाजूवर वरचं भोक खालून सातशेवर, शटरवर सहाशे वीसवर. अकराच्या अकरा शटरं वाया. आणि चार दिवसांनी त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे येणार! शेठचं डोकंच फिरलं.

मी फाईल उघडली. शटरच्या वरच्या भोकाला मी सूत्र लावलंच नव्हतं. घाईत आकडा ठोकून दिला होता — जुन्या उंचीचा, सहाशे वीस.

गोष्ट एवढीच असती तर मी आज बोलायला बसले नसते. चूक कुणाचीही होते. मी पुढं जे केलं ते… सांगते, थांबा. मी सूत्र लावलं. नवा कागद छापला, त्यावर सातशे आलं. चाचांच्या टेबलावरचा जुना कागद उचलला, चार घड्या घालून पर्समध्ये टाकला आणि नवा तिथं ठेवला. शेठ आले, त्यांनी कागद बघितला, मंग चाचांकडं बघितलं. आणि मी? मी कॉम्प्युटरकडं बघत बसले.

वाटलं होतं, चाचा भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "मला तर सहाशे वीस दिसलं होतं, शेठ. नजर गेली वाटतं माझी."

एकच आकडा अकरा वेळा चुकीचा दिसतो का कुणाला? हे मला कळत होतं. तरी तोंड उघडलं न्हाई.

ड्रिल त्यांनी स्वतःहून सोडलं. पॉलिशपेपर घासायला बसले. कुठं आकडा वाचायचा असला की दुसऱ्याला हाक मारायचे. आणि शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमच्या पोरीच्या कागदात चूक निघत न्हाई. ते मी चार वर्षं ऐकून घेतलं. वरून हसले पण.

मागच्या आठवड्यात चाचा मस्तगडच्या दवाखान्यात डोळे दाखवून आले. हा तिसरा डॉक्टर. जवळचा चष्मा सोडला तर नजर बराबर आहे, असं तिघांनीही सांगितलं. चहा पिता पिता चाचा हसत होते, "डॉक्टरला काय कळतं? अकरा शटरं मी या डोळ्यांनी खराब केलीत." तीन डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसला न्हाई. माझ्या एका कागदावर बसला.

मला बसवेना. उभी राहिले आणि शेठ, पॉलिशवाले, सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगितलं. कागदाचं पण सांगितलं, पर्सचं पण सांगितलं.

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. मंग एवढंच विचारलं, "म्हणजे सहाशे वीसच होतं?"

"सहाशे वीसच होतं, चाचा."

त्यांनी फोन काढला, घरी चाचींना लावला. "सुनो, मेरी नजर ठीक है. पहले से ठीक थी." बोलताना डोळे पुसत होते. चाचींनी काहीतरी विचारलं असेल, मंग कुणामुळं झालं म्हणून. चाचा म्हणाले, "छोडो."

माझं नाव त्यांनी घेतलं न्हाई. म्हणून ते इथं मी घेते. मी सुजाता, टेंभुर्णीची. कागद मी बदलला होता.