घाटाची जोडी

"हात पुढं कर," भाऊसाहेब म्हणाले.

मी केला. त्यांनी माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. बुलढाण्याच्या मैदानात मांडव घातला होता. समोर खुर्च्यांवर साहेबलोक, त्यांच्या मागे सतरंजीवर शाळाशाळांची पोरं. भाऊसाहेब आमच्या शाळेचे अध्यक्ष. माझ्या बाजूला त्यांची मुलगी सुलभा उभी होती. गळ्यात झेंडूचा हार, हातात कप. मुलींच्या सायकल शर्यतीत ती पहिली आली होती. मी तिच्याच शाळेची, तिच्याच वर्गातली. मी तिसरी आले होते आणि तिसरीला बक्षीस नव्हतं.

"हे आमची घाटाची जोडी," भाऊसाहेब खुर्च्यांकडे पाहून म्हणाले. "घाट चढला, सोडून देली. आता गूळ तं चारा लागन ना."

मांडवात हसू पसरलं. आमच्याकडे हा विनोद कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मोताळ्याहून बुलढाण्याला यायचं तर मध्ये राजूरचा घाट. भरलेली गाडी एका बैलजोडीनं चढत नाही. पायथ्याशी पुढं आणखी एक जोडी जुंपायची. वर पोचलं की तिला सोडायचं, गूळ चारायचा, पाठीवर थाप मारून खाली परत पाठवायचं. गाडी पुढं बाजारात जाते. त्या जोडीनं बाजार कधी पाहिलेलाच नसतो.

सगळे हसले म्हणून मीही हसले. आणि तो गूळ खाल्ला. उभ्याउभ्या, सगळ्यांच्या देखत. आमचे खेळाचे मास्तर टाळ्या वाजवत होते.

मी सायकल शिकले ती हौसेनं नाही. आमची मोताळ्याजवळ विहिरीवरची थोडी जमीन. वांगी, मेथी, मिरची. बाबा सायकलला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून माल बुलढाण्याच्या बाजारात न्यायचे. विहिरीत उतरताना बाबांचा पाय मोडला आणि सायकल माझ्याकडे आली. काळी, दांड्याची, पुरुषाची सायकल. परकर गुडघ्याशी दोरीनं बांधायचा आणि निघायचं. गावात लोक बोलायचे. बोलणाऱ्यांनी कधी टोपली उचलून दिली नाही, तेव्हा मीही ऐकणं सोडून दिलं.

मास्तर पुण्याकडून बदलून आलेले. नवं राज्य झालेलं, जिल्ह्याजिल्ह्यात मुलींच्या खेळांची टूम निघालेली. त्यांनी मला घाटात माल घेऊन चढताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गातून बाहेर बोलावलं. मला वाटलं, माझं नशीब उघडलं. भाऊसाहेबांनी दोन नव्या सायकली घेतल्या होत्या. गिअरची मुंबईहून आणलेली सुलभाला. साधी मला, वापरायला.

"सायकलच्या शर्यतीत पुढचा मरतो आणि मागचा जिंकतो," मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पुढचा वारा खातो. मागचा त्याच्या चाकाला चाक भिडवून आडोशाला बसतो. सपाटीला वाऱ्याचा प्रश्न, घाटात दमाचा. पुढच्यानं एका लयीत ओढलं की मागच्याला नुसती ती लय धरायची असते, विचार करावा लागत नाही. आणि बुलढाण्याची निर्मला, वकिलांची मुलगी, तिला थकवायचं असेल तर कुणीतरी मध्येच जोर मारून पळावं लागतं. ती पाठलाग करते, दमते. पळणारीही दमते. तिसरी मागून ताजी येते.

पुढची मी. पळणारी मी. तिसरी सुलभा.

"कळलं का?" मास्तरांनी विचारलं.

"हाव. मले समजलं."

"मले नाही. मला. उद्या पुण्याला गेलात तर लोक हसतील."

पुण्याला जायची गोष्ट खरी होती. जिल्ह्यात जी पहिली येईल ती राज्याच्या शर्यतीला पुण्याला जाणार होती. एकच मुलगी. मास्तर मला 'गेलात तर' म्हणाले आणि त्या दोन शब्दांनी मला रात्रभर झोप लागली नाही. पुढं लक्षात आलं की ते सुलभाकडे पाहून बोलले होते.

शर्यत मोताळ्याहून घाट चढून वरपर्यंत. पहिल्या वर्षी सगळं ठरल्याप्रमाणं झालं. सपाटीला मी वारा खाल्ला. घाटाच्या पहिल्या वळणांत दोनदा पळाले, निर्मला दोन्ही वेळा माझ्या मागे आली आणि दुसऱ्यांदा तिला धापा लागल्या. मग मी सुलभाला ओढत वर आणलं. शेवटच्या वळणावर मास्तर उभे होते. माझ्या पायांत अजून जोर होता. खूप होता. मास्तरांनी रस्त्यात येऊन माझ्या हँडलवर हात ठेवला.

"थांब. आता तिला जाऊ दे."

मी ब्रेक दाबला. सुलभा बाजूनं निघून गेली. मागून निर्मलाही गेली. मग मास्तरांनी हात काढला.

घरी येऊन मी माईला ही गोष्ट हसत हसतच सांगितली. मांडव, साहेबलोक, भाऊसाहेबांचा विनोद. माय मिरच्या निवडत होती. तिचा हात थांबला.

"मंग तू खाल्ला तो गूळ?"

"हाव."

"बैलाले बोलता येत नाही," माय म्हणाली. "तुले काय झालं होतं?"

पुन्हा ती मिरच्या निवडू लागली. मला रागवली नाही, जवळ घेतलं नाही. मी तिथं बसून राहिले आणि मला अंगभर लाज वाटली. मांडवात वाटायला हवी होती ती. मग लाजेचा राग झाला. भाऊसाहेबांचा, मास्तरांचा, सुलभाचा. तो राग मी उतरू दिला नाही. घाट चढताना रोज थोडा थोडा पेटता ठेवला.

दुसऱ्या वर्षी शर्यत जवळ आली तसं मास्तरांनी पुन्हा तेच समजावलं. पुढची मी, पळणारी मी. मी म्हटलं, "सर, या बारीले मी थांबणार नाही."

"म्हणजे?"

"माह्यात जोर असन तं मी जाईन. तिच्यात असन तं ते जाईन."

मास्तर समजुतीनं बोलले, मग ओरडले. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा गडी येऊन सायकल घेऊन गेला. शाळेच्या यादीतून मात्र मला काढलं नाही. त्यांचं गणित मला उशिरा कळलं. मी जुन्या सायकलवर आले तरी पुढं तर पळणारच, आणि मी पुढं पळाले की सुलभा माझ्या आडोशाला बसणारच. त्याला माझी परवानगी लागत नाही. मागं बसणाऱ्याला कधीच लागत नाही.

शर्यतीच्या सकाळी मी बाबांच्या काळ्या सायकलवर आले. मागचं कॅरिअर सोडवून ठेवलं होतं. पोरं हसली. "भाजीवाली आली, भाव काय वं मेथीचा?"

मोताळा सुटला आणि झालं तेच. समोरून वारा आणि माझ्या मागच्या चाकाशी सुलभाचं चाक. मी डावीकडे सरकले, ती डावीकडे. उजवीकडे, ती उजवीकडे. वेग वाढवला तर तिच्याकडे गिअर. तिचा श्वासही ऐकू येत नव्हता, इतकी ती निवांत होती. राजूर आलं. घाट लागला. पहिल्या वळणावर निर्मलानं जोर मारला आणि ती सुटली.

पाठलाग मीच करायचा, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. निर्मलानंसुद्धा. मी केला असता तर तिला गाठलंही असतं. पण मग मागून ताजी सुलभा आली असती आणि पुन्हा तोच मांडव. मी पाय सैल सोडले. सायकल मंद झाली. सुलभाही मंद झाली. मी आणखी मंद केली. शेवटी मी चढावर पाय टेकवून सरळ उभी राहिले, आणि दोन हात मागं तीही उभी.

पुण्याची जागा तिथून वर जात होती, निर्मलाच्या चाकावर. मला ती दिसत होती.

"काय झालं?" सुलभा म्हणाली. "चाल ना. ते पाह्य किती लांब गेली."

"पाह्यलं मी."

"मंग?"

वर्गात, रस्त्यात, तिच्या घरी, आजवर मी तिला सुलभाताई म्हणत आले होते. आम्ही एका वयाच्या. ती मला 'ए' म्हणायची.

"सुलभा," मी म्हटलं, "आता तू हो पुढं."

तिला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा लाल झाला. "बाबाले सांगीन," ती म्हणाली. मी म्हटलं, "सांग. पण ते वर हायेत. सांगाले बी चढा लागन."

ती रडवेली झाली आणि निघाली. पुढं. आयुष्यात पहिल्यांदा घाटात तिच्या समोर कुणाची पाठ नव्हती. तिला लय माहीत नव्हती. वळणावर आतून चढायला गेली, जिथं चढ उभा असतो, आणि दम घालवला. मी मागं बसले. तिची पाठ मी तेव्हा प्रथम पाहिली. कमीज घामानं चिकटलेली, खांदे हलताहेत. मला दया आली नाही. मुद्दाम सांगते, आली नाही.

शेवटच्या वळणाच्या खाली मी बाहेरच्या बाजूनं तिला ओलांडलं. वर मास्तर उभे. ते रस्त्यात आले, हात पुढं केला. मी घंटी वाजवली. ते हलले नाहीत. मी ब्रेक दाबला नाही. माझं चाक त्यांच्या धोतराला लागणार तेवढ्यात ते उडी मारून कडेला झाले.

निर्मला पहिली आली. मी दुसरी. पुण्याला निर्मला गेली.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मास्तरांनी मला सगळ्या शाळेपुढं बाकावर उभं केलं. मी शाळेचं नाक कापलं, असं ते म्हणाले. मी ओढलं असतं तर कप आपला होता. माफी माग, पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ. भाऊसाहेब मोठ्या मनाचे आहेत, सायकलही देतील.

"कप कोनाचा होता, सर?" मी विचारलं.

"शाळेचा."

"मंग शाळेनं ओढा लागत होतं. मी एकटीनंच काऊन?"

त्यांनी मला बाकावरून उतरवून दाराबाहेर काढलं. शाळेच्या संघातून नाव गेलं. घाटावर, बाजारात, लोक अजून भेटतात आणि हळहळतात. पोरी, तू जरा नमतं घेतलं असतंस. ओढून द्यायचं, मग पाहून घ्यायचं. पुण्याला गेली असतीस. कदाचित गेले असते. ज्याला हळहळायचं त्यानं हळहळावं. मला त्या उभ्या राहण्याचा पस्तावा नाही, एक क्षणही झाला नाही.

तिसऱ्या वर्षी मी मोताळ्याला, शर्यत सुटते त्या रेघेवर जाऊन उभी राहिले. काळी सायकल, परकर बांधलेला. झेंडा घेतलेला साहेब आला. कुठली शाळा, म्हणाला. मी म्हटलं, कोणतीच नाही. शाळेशिवाय नंबर मिळत नाही, नंबराशिवाय निकालात नाव नाही, बाजूला हो, तो म्हणाला. मास्तर तिथंच होते. खाली बघत होते.

"नंबर नका देऊ," मी म्हटलं. "नाव बी नका लिहू. रस्ता सरकारचा हाय. मी चढीन."

साहेबानं गड्याला खूण केली. गडी दोन पावलं आला आणि थांबला. पोरीच्या अंगाला हात कसा लावायचा, हे त्याला सुचेना. मी रेघेवरून चाक मागं घेतलं नाही. झेंडा पडला तेव्हा मी सगळ्यांबरोबर निघाले, आणि सपाटीला एकीचं चाक मागं चिकटलं तेव्हा मान वळवून तिला सांगितलं, अर्धा वारा तू खा, अर्धा मी खाते. नसेल जमत तर दूर हो. यापुढं जो कुणी माझ्या मागं येईल, त्याला हे एकदाच सांगेन.