जमीन नको, भाषा हवी

आमच्या शेजारी भाड्यानं राहायला आलेली ती कॉलेजातली बाई चहा झाला की भिंतीपलीकडून ओरडायची, “तमाम लोकांस कळविण्यात येते की, काकू, चहा तयार आहे!” कायद्याच्या मराठीवर प्रबंध लिहीत होती ती. त्यासाठी निकाल, खरेदीखतं, वाटणीपत्रं असले जुने कागद तिला ढीगभर हवे असत. वाण्याच्या पुडीवरची जाहीर नोटीससुद्धा सोडायची नाही. डाळ डब्यात, पुडी पर्समध्ये.

पण नव्वदीतलं आमचं पनवेल! जमिनींना भाव चढलेले, कागद मागणारा प्रत्येक माणूस दलालच वाटायचा. दारं बंद व्हायला लागली, तसा तिचा चेहरा उतरला. कागदच नाहीत, तर प्रबंध कसला? शेवटी मीच तिला जवळच्या कोन गावी नेलं, आमच्या दारी भाजी विकायला येणाऱ्या आजोबांकडे.

“जमीन इकायची नाय,” आजोबा दारातच म्हणाले.

“जमीन नकोच आजोबा, मला कागदातली फक्त भाषा हवी.”

“असा गिराईक पयल्यांदाच बगतो!”

हसले, पण घरातलं जुनं वाटणीपत्र काही हातात देईनात. तर ही बया सरळ त्यांच्याकडे पाठ करून ओटीवर बसली. म्हणाली, “तुम्हीच वाचा. नावं, नंबर गाळा. मी नुसतं लिहून घेते.”

आजोबा अडखळत वाचू लागले, ही भिंतीकडे तोंड करून लिहू लागली. मला तर हसू आवरेना. अर्धं पान झालं असेल, आजोबा थांबले. कागद तिच्या खांद्यावरून पुढे धरत म्हणाले, “बाय, आता तूच बग. यो शबुद मना लागत नाय.”