चाखून सांग

सोमलाकाका पाण्यावरसुद्धा विश्वास ठेवत नसत. रोज सकाळी आमच्या टगबोटीच्या तळाशी साचलेल्या काळ्या पाण्यात बोट बुडवायचे, जिभेला लावायचे आणि पचकन थुंकायचे. गोडं लागलं तर ते वरून गळलेलं पावसाचं. खारं लागलं तर फळ्यांच्या फटीतून समुद्र आत आलेला.

काका आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या तांड्यावरचे, मी कुरुंद्याचा. सातवीतून शाळा सोडून हळदीच्या कढईपाशी राबत होतो. त्यांनीच मला कोकणात, खाडीत मालाचे बार्ज ओढणाऱ्या त्या जुन्या लाकडी टगवर लावलं. टगवर आम्ही दोघंच; इंजिन आणि सुकाणू त्यांच्या हाती होतं. म्हणायचे, "आमचे आजे बैलावर मीठ लादून न्यायचे, मी बार्ज ओढून राहिलो. पर बैल थकला की बसतो. ही बया सांगत न्हाई!"

नवा दोरखंड आला की वीतवीत चाचपायचे. फटींत नवा कापूस भरलाय म्हटलं, तर खिळा टोचून पाहायचे. मी डिझेल किती आहे ते सांगितलं, तरी पुन्हा स्वतः काठी बुडवायचे. मी फुगायचो.

"तुज्यावर इस्वास हाय रे लेकरा. तुज्या डोळ्यावर न्हाई."

मला ताप आला तेव्हा मात्र आठ दिवस त्यांनीच भात शिजवून भरवला. तोही आधी चाखून.

तिसऱ्या वर्षीच्या नवरात्रात मी उपास धरला होता. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. त्या सकाळी गरम नळीने काकांचा हात पोळला. त्यावर फडकं गुंडाळत ते वरून ओरडले, "चाखून सांग रे!"

उपासाच्या तोंडात ते डिझेलचं पाणी घालवेना. पावसाचंच असणार, असं धरून मी म्हणालो, "गोडं हाय, काका."

आता ते स्वतः उतरतील म्हणून थांबलो. ते आले नाहीत.

"तू म्हणलास ना? मंग बराबर."

दुपारी खाडीच्या तोंडाशी तळ गुडघाभर भरला. पंप पुरेना. बार्ज बाजूलाच बांधलेला होता. काकांनी मला त्यावर ढकललं, मागून स्वतः आले आणि कोयत्याने दोर तोडले. नाहीतर बार्जही ओढला गेला असता. टग एका कुशीवर कलंडली आणि गेली. आमची चहाची किटली तेवढी तरंगत राहिली.

"तळ कुणी तपासला होता?" मालकाने विचारलं.

माझं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "म्या चाखलं, साहेब. जीभ म्हातारी झाली."

त्यांना घरी पाठवलं, मला लोखंडी टगवर ठेवलं. कुरुंद्याची चूल त्यामुळे पेटती राहिली. पण माझं मन मला खात राहिलं. दुसऱ्याच्या शब्दावर कधीच न विसंबणाऱ्या माणसाला माझा संशय आलाच नसेल?

गेल्या उन्हाळ्यात तांड्यावर गेलो. काका खाटेला लागले होते. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी म्या चाखलंच नव्हतं."

"ठावं हाय. चाखणारा थुंकतो. तू थुंकलाच न्हाईस. बार्जवर बसल्यावर ध्यानात आलं माज्या."

"मंग माजं नाव काहून न्हाई घेतलं?"

"इस्वास कुणी ठिवला? म्याच ना?" ते खोकत हसले. "पाणी दे. अन् आता तरी चाखून दे, भाड्या!"

मी तांब्यातून घोट घेतला. "गोडं हाय, काका."

त्यांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर निरखून पाहिलं. मग ते माझं उष्टं पाणी घटाघटा प्यायले. ती आमची शेवटची भेट.