पहारा नसलेली शहरं

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. अण्णा गेल्याचा फोन त्यांच्या मुलानं केला, तेव्हा मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चला, आता विचारणारं कुणी उरलं नाही. शोकसभेत एकजण म्हणाला, 'सुभेदारांनी अण्णांना कॉम्प्युटरवरचा खेळ शिकवला, म्हातारपण सुखात गेलं त्यांचं.' मी मान डोलावली. ती मान डोलावल्याची लाज वाटते, म्हणून लिहितो आहे.

अण्णा सांगलीतले हळदीचे जैन व्यापारी, मी कुंडलचा, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, हळद घालायला त्यांच्या पेढीवर येणारा. मुलानं पेढी हाती घेतली आणि अण्णांना मागच्या खोलीत बसवलं. सौद्यात त्यांचं मत कुणी विचारेना. त्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर आम्ही साम्राज्य उभारायचा खेळ खेळायचो. आपली पाळी खेळायची, उठायचं, खुर्ची दुसऱ्याला द्यायची. अण्णांची एकच हौस होती, एकही लढाई न करता सगळ्यात मोठं राज्य उभं करायचं. 'हितं तरी माझं कुणी ऐकतंय,' असं हसत म्हणायचे.

सुरुवातीला ते राजधानीच नटवत बसायचे. मंदिर, बाग, धान्याचं कोठार... तोवर मी अर्धा नकाशा व्यापलेला असायचा. 'आवं अण्णा, घर सजवताय का राज्य करताय? आधी माणसं भायेर काढा. पाणी नि खाण बघून दुसरं गाव वसवा, मग तिसरं. देवळं काय पळून जात्यात व्हय?' हे मी त्यांना खरं शिकवलं. आणि ते शिकले, माझ्याहून चांगलं. दोन शहरांत नेमकं अंतर ठेवायचे, डोंगरातली खिंड आधीच धरायचे, मला पुढं सरकायला वाट उरायची नाही. पेढीवर येणारी माणसं दारात उभी राहून बघायला लागली. 'सुभेदार, पलटण कुठं गेली वं?' एका हमालानं विचारलं आणि सगळे हसले. अण्णाही.

ते हसणं मला सोसलं नाही. पुढच्या डावात मी त्यांच्याशी तह केला. म्हणालो, 'शिपाई कशाला पोसताय? तेवढ्यात नवी गावं हुत्यात. माझ्याकडनं धोका न्हाई. शब्द दिला.'

'शब्द दिला म्हंजे झालं,' अण्णा म्हणाले आणि सीमेवरचा सगळा पहारा त्यांनी काढला.

त्यांचं राज्य समुद्रापर्यंत पोचलं. जिंकायला थोड्याच पाळ्या उरल्या होत्या. दारात गर्दी जमल्याचं बघून मी फौज घातली. एकामागून एक शहर घेतलं, प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचत. शहरांना त्यांनी घरातल्या माणसांची नावं दिली होती. वारलेल्या बायकोच्या नावाचं शहर मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं.

'सुभेदार, तुमी शब्द दिला व्हता.'

'आवं, खेळ हाय ह्यो. रडताय काय?'

दारातले हसले. मुलगाही हसत म्हणाला, 'म्हणूनच पेढी तुमच्याकडं ठेवली न्हाई, अण्णा.' आता पाळी अण्णांची होती, पण ते उठले आणि खुर्ची मलाच दिली. पुन्हा कधी त्या खेळाला बसले नाहीत. 'डोळ्यांना झेपंना त्यांच्या,' असं मी सगळ्यांना सांगत राहिलो.

पर्युषण संपलं की जैन मंडळी क्षमावाणीला हात जोडून एकमेकांची क्षमा मागतात. समोरच्यानंही हात जोडून तसंच म्हणायचं. त्या वर्षी पेढीवर अण्णा माझ्यापुढं उभे राहिले. 'कळत-नकळत काय चुकलं आसंल तर क्षमा करा, सुभेदार.' मी बसल्या जागेवरून म्हणालो, 'केली. जावा.' पुन्हा हशा. त्यानंतर दर वर्षी ते न चुकता आले आणि दर वर्षी मी हेच म्हणालो.

गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांचं एक अंग गेलं, वाचाही गेली. क्षमावाणीला मीच त्यांच्या घरी गेलो. एसटीत सगळ्या वाटेनं वाक्य घोळवत होतो, 'अण्णा, माझ्या शब्दावर तुमी पहारा काढला. चूक माझी.' खोलीत शिरलो. मला बघून त्यांनी हात जोडायची धडपड केली. एकच वर आला. तो मी धरून खाली ठेवला. 'ऱ्हाऊ द्या, तरास घेऊ नका,' म्हणालो. ते माझ्या हातांकडं बघत राहिले. वाट बघत होते, हे मला कळत होतं... माझे दोन्ही हात धड होते. एवढ्यात सुनेनं चहा आणला आणि मी दोन्ही हातांनी कप घेतला.