मालसुनचा शोध

प्राध्यापक प्यो इनसोक यांना चिडायला हल्ली कारण शोधावं लागत नसे. त्या नोव्हेंबरात विद्यापीठानं त्यांचा इतिहास विभाग गुंडाळून पर्यटन विभागात कोंबायचं ठरवलं. वर कुलसचिवांनी हसतहसत विचारलं, "प्यो सर, तुमच्या त्या निवडणुकीच्या भानगडीवर मोबाइलवरचा एखादा खेळ निघेल का हो? पोरांना आवडतं तसलं." सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी "बघतो" म्हणून ते खाली बसले. निवृत्तीला एक सत्र उरलेला माणूस आणखी काय म्हणणार, कपाळ?

जन्मभर त्यांनी आधुनिक राजकीय इतिहास शिकवला, तोही बाकाखाली सरकारी नोकरीच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसलेल्या पोरांपुढे. आणि संशोधन केलं ते एकाच गोष्टीवर. साठ सालच्या मार्चमध्ये आमच्या कोरियात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं मतदान सुरू व्हायच्या आधीच पेट्या खोट्या मतांनी भरल्या होत्या. देशभर काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे हो. पण आमच्या सानदोलमध्ये ते कुणी केलं, याचा ब्रसुद्धा सानदोलमध्ये कुणी काढत नसे.

सर नाशपातीची पेटी घेऊन गावोगाव हिंडले. म्हातारे त्यांना प्रेमानं बसवून घेत, तांदळाची दारू पाजत, आणि निवडणुकीचं नाव निघालं की गुडघेदुखीवर येत. फारच लावून धरलं तर म्हणत, "मेले सर सगळे. आता कशाला उकरताय?" बाहेर पडल्यावर सर बरोबरच्या विद्यार्थ्यांवर डाफरत, "भित्रे आहेत लेकाचे! सोयरीक आडवी आली की यांची दातखीळ बसते!"

एकदाच काय ते कुणी तोंड उघडलं. मतदान केंद्रावरचा एक जुना कारकून दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता. तो म्हणाला, "शाळेसमोरच्या खानावळीतली मालसुन. पहाटे आमच्यासाठी गरम सूप घेऊन आली होती पोरगी. तिनं सगळं पाहिलं." एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड केलं, आणि त्याच आठवड्यात तो गेला.

तेव्हापासून सर मालसुनच्या मागे लागले. नगरपालिकेची दप्तरं चाळली, वृद्धाश्रम पालथे घातले. या नावाची बाई काही सापडेना. पुस्तक लिहून तयार होतं, पण प्रकाशक ते दोनदा परत पाठवून बसला होता. त्याचं म्हणणं एकच, जिवंत साक्षीदार आणा, नाहीतर ही सगळी ऐकीव गोष्ट. मालसुन सापडली नाही, तर सरांचा जन्मभराचा खटाटोप रद्दीत जाणार होता.

आता मजा बघा. आमच्याकडे त्या पिढीतल्या मुलींचं घरात हाक मारायचं नाव एक आणि सरकारदरबारी दुसरं, असं सर्रास असे. लग्न झालं की दोन्ही नावं गेली. मग ती माहेरच्या गावावरून ओळखली जायची, नाहीतर अमक्याची आई म्हणून. हे सरांना ठाऊक नव्हतं म्हणता? दरवर्षी ते फळ्यावर खडूनं लिहीत, 'साक्षीदाराला पहिला प्रश्न: तुमचं नाव काय? घरातलंही विचारा.'

अशा सगळ्या वैतागात सासुरवाडीहून निरोप आला, किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायची आहे, या. हिवाळ्याच्या तोंडाला हे काम कुणाला चुकत नाही, मग तो प्राध्यापक असो की आणखी कुणी. सरांची सासू उभ्या गल्लीत गालमेवाली म्हणून ओळखली जाई, कारण तिचं माहेर डोंगरापलीकडचं गालमे. सर तिला आई म्हणत. दरवर्षी किमचीच्या दिवशी ती न चुकता विचारी, "काय जावईबापू, सापडली का तुमची ती बाई?"

"कुठली सापडतेय हो आई."

"मेली असेल मग," असं म्हणून ती त्यांच्या ताटात उकडलेल्या मांसाचा आणखी एक तुकडा वाढी.

यंदाही अंगणात प्लॅस्टिक अंथरून बायका बसल्या होत्या, रात्रभर मिठात मुरलेल्या कोबीच्या पानापानात लाल मसाला भरत. सर कोबीच्या पाट्या उचलून देत होते आणि कुलसचिवांच्या नावानं बोटं मोडत होते.

"अहो सर, पाटी सरळ धरा," शेजारीण म्हणाली. "मिग्योंग, तुझ्या नवऱ्याला घरी काही उचलायला लावत नाहीस वाटतं?"

"पुस्तकं उचलतात की," सरांची बायको म्हणाली. "आणि आवाज चढवतात."

बायका खिदळत होत्या तेवढ्यात फाटकातून एक ठेंगणी म्हातारी आत आली. सासूची ही बालमैत्रीण, बोंगनिम. लग्न होऊन बुसानला गेली ती यंदाच माहेरगावी राहायला परतली होती. तिनं पिशवी खाली टाकली आणि हात पसरून ओरडली, "अगं मालसुन! मेले, किती गं वाळलीस!"

सासू लगबगीनं उठली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. सरांच्या हातातली पाटी मात्र खाली गेली आणि कोबी अंगणभर झाले.

"आई," सर कसेबसे म्हणाले, "ती मालसुन... तुम्ही?"

सासूनं डोळे पुसले. "हो. मीच."

"इतकी वर्षं मी गावोगाव वणवण हिंडतोय! आणि तुम्ही मला मांस वाढत होतात?" सरांचा आवाज चढला. "का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पेट्यांत मतपत्रिकांचे गठ्ठे कोण कोंबत होतं, ते विचारलं असतंत ना?"

"मग? त्याचसाठी तर!"

सासूनं खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. आत भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. तालुक्याचे प्रमुख म्हणून मानानं निवृत्त झालेले, दरवर्षी ज्यांच्या श्राद्धाला सर स्वतः दारूचा पेला भरून वाकत, तेच.

"तेव्हा कचेरीत साधे कारकून होते," ती म्हणाली. "मी सूप घेऊन आत गेले. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना. शरद ऋतू सरायच्या आत त्यांनी मला मागणी घातली. खानावळीत भांडी घासणाऱ्या पोरीला! चांगलं वागवलं हो जन्मभर. पण मी आवडले म्हणून मागणी घातली, की मी पाहिलं म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही."

सरांचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला होता. तिथेच थांबला. मिग्योंगनं मान खाली घातली होती. नवऱ्याच्या पुस्तकात बापाचं नाव येणार, तिचे भाऊ तोंड पाहणार नाहीत, गल्ली बोलणार, हे सगळं सरांच्या डोळ्यांपुढून गेलं. ते पुटपुटले, "राहू द्या आई. गेले ते. आता कशाला उकरायचं..."

आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. लाजेनं त्यांचे कान तापले.

मिग्योंगनं दातांनी ओढून रबरी हातमोजा काढला. नवऱ्याच्या खिशातून मोबाइल घेतला, ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि तो कोबीच्या पाटीवर उभा करून ठेवला.

"विचारा," ती म्हणाली. "पोरांना शिकवता ना? पहिला प्रश्न काय असतो?"

सर मसाल्यानं लाल झालेल्या प्लॅस्टिकवर सासूसमोर मांडी घालून बसले.

"आई, तुमचं नाव काय?"

"तीस वर्षं उलटली तुमच्या लग्नाला," सासू म्हणाली, "आज विचारलंत." मग पदरी पडलेलं सरकारी नाव आधी सांगितलं, आणि नंतर दुसरं.