साहेबाला बोलावले नव्हते

आदिवासींना संस्कार देणे हे आमच्या संस्थेचे पवित्र कर्तव्य होते. त्यांनी ते मागितले नव्हते, एवढेच. ओल्या तांदळाच्या पिठाचा वास आला की मला सत्तरच्या दशकातला, गणेशपुरीकडचा एक वारली पाडा आठवतो. तिथे लग्न होते. कुडाच्या भिंतीवर पिठाने काढलेला लग्नाचा देवचौक अजून वाळला नव्हता, आणि आम्ही भिवंडीहून जीपमध्ये बसवून एक भटजी नेले होते. वारल्यांची लग्ने धवलेरी लावते, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. तिथली धवलेरी म्हातारी होती आणि दार अडवून बसली होती. आमच्या अध्यक्षांनी कुणा इंग्रज साहेबाचे जाड पुस्तक उघडून तिला समजावले, “आजी, तुमच्यात लग्नाचा विधीच नाही, असं यात छापलंय.” तिने विचारले, “तो साहेब लग्नाला आलता का?” अध्यक्ष म्हणाले, पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचे आहे. “म्हंजे तवाबी त्याला कोनी बोलवला न्हाय. मंग त्याला काय म्हाईत?” आणि नवरीकडे वळून म्हणाली, “बाय, तुझा लगीन कोन लावंल, तूच सांग.” नवरी भटजींनी अंगणात मांडलेल्या पाटावरून उठली आणि म्हातारीपुढे जाऊन बसली. नवराही मागोमाग गेला. म्हातारी ऊन कलेपर्यंत गात राहिली आणि अध्यक्ष जीपमध्ये बसून राहिले. त्या लग्नाचा अहवाल मी लिहिला होता. परवा तो सापडला. लग्न लावणाऱ्याच्या रकान्यात, माझ्याच सुवाच्य अक्षरात, भटजींचे नाव आहे.